सातव्या प्रश्नावरचं भांडण

— त्या दिवशी ताई गेल्याचं सांगायला मी ऑफिसातून फोन केला, आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, ती ऑफिसात आहे, तिकडे लाव.

— तुझा फोन म्हणजे तिच्यासाठीच. सवय होती. बस. चहा टाकतो.

— बसते, पण कामाचं आहे भाऊजी. आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे ना?

— न असायला काय झालं? एखाद्या औषधावरचे सगळे अभ्यास गोळा करून कुणीतरी आढावा लिहितो. तो भरवशाचा आहे का, ते तुम्ही दोघींनी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देत ठरवायचं. वेगवेगळं बसून, एकमेकींना न सांगता. मग जिथे पटलं नाही तिथे या टेबलावर भांडायचं.

— चर्चा करायची.

— भांडायचंच. मी आत भाजी निवडत ऐकायचो. तिचा आवाज खाली आला की समजायचं, आता तुझी धडगत नाही.

— ‘बाई गं, लिहिलंय म्हणजे केलंय असं नाही.’

— हां. अगदी तस्सं.

— शेवटचा आढावा दोघींचा वाचून झाला होता. सगळं जुळलं, सातवा प्रश्न सोडून. छापून न आलेले अभ्यास आढावा लिहिणाऱ्यांनी शोधले का? मी म्हटलं, हो. ताईंनी म्हटलं, नाही. का, ते बोलायचं राहिलं. तुम्हाला काही म्हणाल्या होत्या?

— मला? रोज विचारायचो, काय वाचतेस. म्हणायची, तिचं वाचून होऊ दे, तोवर एक अक्षर नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

— साहेब म्हणतात, ताईंचा मान म्हणून त्यांचं उत्तर ठेव आणि पाठवून दे.

— तुला पटतंय त्यांचं?

— नाही. मला तर शोधलेलं दिसतंय.

— मग ती गेली म्हणून हरणार? पत्त्यांत मी मुद्दाम हरलो तर डाव मोडून उठायची ती.

— मग निकालाला तिसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

— दे. पण त्याआधी एकदा मांड इथे. तुझ्या त्याच खुर्चीत बस. मी तिच्या बाजूनं बोलतो.

— तुम्ही?

— इतकी वर्षं ऐकलंय. मांड.

— बरं. त्यांनी स्पष्ट लिहिलंय, औषध कंपन्यांना पत्रं पाठवली, संशोधकांना विचारलं. म्हणजे शोधलंच ना, ताई?

— बाई गं, लिहिलंय म्हणजे केलंय असं नाही.

— मग काय बघायचं?

— इथून पुढे ती मधलं दार लोटून घ्यायची. मला एवढंच ऐकू यायचं. सातवा राहिला.