हरलेल्यांना आधी

...आणि वर लोक मलाच विचारतात, "तुम्ही सख्खे भाऊ ना, मग तिला समजावलं का नाही?" अहो, समजावलं! मी समजावलं, भाऊजींनी समजावलं, सुताराने तर हातातला रंधा खाली ठेवून समजावलं, की बाई, गल्ल्याभोवती खरोखरचं गोलपोस्ट नका उभं करू, जाळीत लोकांच्या छत्र्या अडकतील, चष्मे अडकतील, एखाद्या दिवशी माणूसच अडकेल... पण ऐकलं तर ती ताई कसली?

तुम्हाला सांगतो, ही आमची थोरली बहीण उभा जन्म मैदानाच्या तिकीटखिडकीत बसली. अख्ख्या शहराला तिचा फक्त हात माहीत. पुढे तिकिटं मोबाइलवर निघायला लागली, खिडकीला फळी ठोकली आणि ताई घरी. दुसरी कुणी असती तर विणकाम काढलं असतं. हिने काय काढावं? हॉटेल! मैदानाच्या बरोब्बर समोर, सगळं खेळाच्या थाटाचं, नाव काय, तर 'मध्यंतर'. धंद्याचा अनुभव म्हणाल तर शून्य, आणि होती नव्हती ती पुंजी सगळी त्यात. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, स्वभावाने गरीब. ते आपले हळूच म्हणाले, की आधी एखादं छोटंसं सँडविचचं दुकान टाकून बघू या का? पण ऐकलं तर ती...

बरं, थाट तरी किती असावा? बसायला मैदानावरची बाकडी, त्यांना पाठ नाही. म्हणजे जेवता जेवता टेकायला गेलेला माणूस मागच्या टेबलावरच्या सूपमध्ये. वेटरांना पंचाचे काळे शर्ट, गळ्यात शिट्टी. पदार्थ तयार झाला की आचारी आतून शिट्टी फुंकणार, आणि बाहेर गिऱ्हाइकाच्या हातातला घास मांडीवर पडणार. पदार्थांची नावं कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी. एका आजोबांनी काहीतरी गोड असेल म्हणून पेनल्टी मागवली, तर आली भरलेली मिरची! डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, बिल लाल कार्डावर. अहो, गिऱ्हाइकाला आपण होऊन बाहेर काढायची ही कुठली रीत?

झालं. गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. आत आचारी, बाहेर दोन वेटर, आणि पंख्याखाली एकटी ताई, टेबलावरचा नसलेला डाग पुसत बसलेली. तोंडाने कबूल करायची नाही, पण मी पाहत होतो ना, रोज तेच टेबल पुसायची. शेवटी भाऊजी म्हणाले, "बंद करू या. तुला कुणी हसणार नाही." ताई म्हणाली, "अंतिम सामना होऊ दे. मग बघू."

कारण काय, तर जिंकणाऱ्या संघाला जेवायला घेऊन येतो, असं इथल्याच संघाच्या व्यवस्थापकाने तिला कबूल केलेलं. आपलाच संघ जिंकणार, याची त्याला काय ती खात्री! आणि खरंच जिंकला हो त्याचा संघ. इकडे पातेली भरलेली, टेबलं मांडलेली, ताई हातात फुलांचे हार घेऊन दारात. बस आली... नाचत, ओरडत, भोंगा वाजवत आली, आणि तशीच पुढे गेली. थांबली नाही. खिडकीतून व्यवस्थापकाने हात तेवढा हलवला. ताईनेही हलवला, काय करते बिचारी?

आणि मागून पायी पायी कोण आलं म्हणता? हरलेला संघ! गुडघ्यांना चिखल, माना खाली. ताई हार घेऊन उभी राहिली, आणि तुम्हाला सांगतो, खरोखरच हार आली! पुढे दाराएवढा उंच कप्तान. त्याने आत पाऊल टाकलं, समोर पंचाच्या वेषातला वेटर, आणि नेमकी तेव्हाच आचाऱ्याला शिट्टी फुंकायची बुद्धी व्हावी? कप्तान मटकन पायरीवरच बसला. म्हणाला, "मावशी, त्या शिट्टीनेच आज आमचं वाटोळं केलंय. आम्ही जातो दुसरीकडे."

आणि काय सांगू, ताईने ऐकलं! जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. हार दिले कोपऱ्यात टाकून. वेटरांना शर्ट काढायला लावले, ते बिचारे बनियनवर वाढायला उभे. आचाऱ्याची शिट्टी पिठाच्या डब्यात. भिंतीवरच्या टीव्हीवर तोच गोल पुन्हा पुन्हा दाखवत होते, त्याची वायरच उपटली. म्हणाली, "बसा. इथे कुणी निकाल विचारणार नाही."

बसले. खाली माना घालूनच जेवायला लागले. मग कप्तानाने भात पुन्हा मागितला. गोलरक्षक, कोवळा पोरगा, सूपमध्येच रडायला लागला. ताईने त्याच्या ताटात पाव ठेवला, पाठीवर हात ठेवला. "रड," म्हणाली, "पण खात खात रड."

पातेली पुसून खाल्ली हो त्यांनी! जिंकलेला माणूस नाचतो, जेवतो तो हरलेला. हे ताईला त्या दिवशी कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी: 'हरलेल्यांना आधी'. भाऊजी म्हणाले, असली अपशकुनी पाटी लावू नकोस, पण ऐकलं तर ती ताई कसली?

आणि मग जी रीघ लागली! दर सामन्यात एक संघ हरतोच की, या धंद्याला मंदी नाही. कुणी परीक्षेत हरलेला, कुणी कोर्टात. निवडणुकीत पडलेले एक गृहस्थ आले, त्यांची अनामत गेली होती, भूक नव्हती गेली. शेजारचा गाळा घेतला, बाकड्यांना पाठी लागल्या, गोलपोस्टवर आता मागच्या अंगणात टेबलपुसणी वाळत घालतात. तो व्यवस्थापक परवा स्वतः टेबल मागायला आला. ताई गल्ल्यावरून उठलीसुद्धा नाही. "जागा नाही. पुढच्या वेळी हरून या."

हाल झाले ते भाऊजींचे. त्यांच्या ऑफिसात टेबल टेनिसची स्पर्धा असते. दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद, की तडक बायकोच्या हॉटेलात पहिल्या पंगतीला. यंदा काय अवदसा आठवली देव जाणे, जिंकले! एवढासा कप घेऊन थेट दारात. ताईने कप पाहिला. "जिंकलात?" हे लाजून म्हणाले, "जिंकलो." "मग रांगेत."

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"माझ्या पाटीवर नवऱ्याचा उल्लेख नाही."

राहिले उभे. पुढे एक फुटबॉलचा संघ, एक बुद्धिबळाचा, आणि एक प्रेमात हरलेला. नंबर लागेपर्यंत चूल विझली. आयुष्यात पहिल्यांदा जिंकले भाऊजी... आणि त्याच कपातून पाणी पिऊन झोपले.