तुकडी बदलली

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघीजणी बसल्या होत्या. एकीचा गाल सुजलेला, दुसरीचा मुलगा आत खुर्चीत.

“पडला का हो?”

“पाडला! वर्गातल्या एकाने बाकावर तोंड आपटलं. पुढचे दोन दात गेले.”

“अगंबाई! काढलं ना त्याला शाळेतून?”

“काढतात कसले! मारामारी करणाऱ्याची तुकडी बदलायची, एवढाच यांचा कडक नियम. मोठे दिवे लावले!”

“चला, निदान तुकडी तरी बदलली त्याची.”

“त्याची कुठली? तो फुटबॉलचा कॅप्टन. त्याला हलवलं तर वर्गाचा संघ मोडतो म्हणे. माझ्याच पोराला हलवलं. वर मलाच सांगतात, त्याच्या भल्यासाठी!”

“धन्य आहे बाई! मग नव्या वर्गात रमला का?”

“रमतोय! पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलं, तू कुणाला मारलंस?”