मस्कतचा मिसकॉल

बीडच्या स्टँडवर पाटोद्याच्या गाडीची वाट बघत दोघी बसल्या होत्या. काकूंच्या मुठीत बटनाचा फोन होता.

"रामेश्वरचा फोन येतो का हो मस्कतहून, सुंदरकाकू?"

"मिसकॉल येतो, रतन. मग मी लावते."

"कावून? पगार त्याला आन् पैसे तुमचे?"

"तिकडून लावायला लई म्हाग पडतंय म्हणतो."

"मग योगिताला बी मिसकॉलच देत आसंल."

"सुनंला कशाला मिसकॉल? तिला तोच लावतो. रोज. तास-तास खिदळती मेली ओट्यावर. आलेल्या फोनला तिचा रुपया जात न्हाई."

"तवा म्हाग पडत न्हाई वाटतं."

"मी दाराआड उभी ऱ्हाऊन आयकते ना. आई कशी हाय, येवढं बी इचारत न्हाई."

"मग तुमी उलटा लावूच नका. लावंल की त्योच."

"मागच्या आयतवारी तेच केलं. मिसकॉल आला, मी गप बसले."

"मग? लावला का त्यानं?"

"लावला की. योगिताला. म्हणला, आईचा फोन बिघडलाय का बघ."

"आन् तुमी काय म्हणलात?"

"म्हणलं, बिघडला व्हता. आन् आत्ता रिचारज मारूनच बसलेय, त्याचा मिसकॉल आला की लावायला."