काळजातला पेसमेकर काढला, अन् मी जागा होतो

...अन् वरून मलेच म्हणतात, काका, हलू नका. तुमाले सांगतो, आपल्या काळजात फास टाकून कोणी ओढून राहिलं, तं माणूस हलंन नाई तं काय भजन म्हणंन? अन् मी जागा होतो ना बाप्पा, पूरा जागा.

मी देवीदास, रेल्वेतून रिटायर, राहाले बूढा तालाबाजवळ, बूढापाऱ्यात. काही वर्षांआधी काळीज थांबत थांबत चालाले लागलं, तं आत पेसमेकर बसवला. वायर नाई, काई नाई, कॅप्सूलएवढा, जांघेच्या शिरेतून थेट काळजात. आता त्याची बॅटरी संपत आली. डॉक्टर मंजिरी मॅडम पुण्याच्या, बोलणं एकदम पुस्तकी... "काका, जुना आतच ठेवून शेजारी नवा बसवता येईल. काढायचा, तर तो आत रुतलेला असेल, ओढताना इजा होऊ शकते." मी म्हटलं, राहू द्या. पण आमची अंजनाबाई... "काहून राहू द्याचा? मंग तिसरा, मंग चौथा, काळीज हाये का कबाडखाना?" पोरगा यशदीप म्हणते, "मम्मी सही बोल रही है, पापा." झालं... दोन मतं तिकडं, अन् काळीज माहं.

टेबलावर घेतलं. जांघ सुन्न केली, पण मी जागा होतो ना बाप्पा. मॅडम म्हणते, "पकडला." मी खुश. "सुटला." परत, "पकडला... सुटला." अरे, बूढा तालाबात मासे पकडून राहिले का तुमी? अन् एकाएकी मशीनचं टीं-टीं लांबलं... डोळ्यांपुढं अंधारी, अन् त्यात अंजनाबाई दिसली, दाराशी माह्या चपला घेऊन उभी. "काका, खोका, जोरात खोका." असा खोकलो, जसं मालगाडीचं इंजिन. टीं. "निघाला," मॅडम म्हणते. त्याच जागी नाई, जरा बाजूले, नवा बसवला.

बाहेर आणलं तं अंजनाबाईनं हात धरला. "मीच काढा म्हणली होती. काई झालं असतं तं?" म्हटलं, झालं नाई ना, पूस डोळे.

आता घरी भेटाले लोकं येऊन राहिले. अभनपुरची साळी, पुरानी बस्तीचे भाऊजी, हातात केळी, अन् दारातूनच, "जीजाजी, वो वाला कहाँ है? दिखाओ ना." मी म्हणतो, हॉस्पिटलनं तपासाले ठेवून घेतला. "हव," म्हणतात, तोंड उतरते, चहा पितात अन् उठतात. काय करता... दाखवाले आता घरात नुसता मीच उरलो.