मोहबारी धरणात गेलेल्या जीपबाबत

पोलीस ठाणे मोहबारी, जि. नाशिक
दिनांक १६ मार्च २००६, दुपारी ३ वाजता

माझे नाव छाया सावळीराम तिडके, वय २६ वर्षे, धंदा घरकाम (हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला) पाण्याखालील कामे, मूळ राहणार मळेवस्ती, मोहबारी, हल्ली राहणार नाशिक रोड.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझ्या वडिलांचा मोहबारी येथे भाजीपाल्याचा व झेंडूचा मळा आहे. सन २००१ मध्ये मी मैत्रिणीच्या लग्नासाठी गोव्याला गेले होते. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली नेतात असे कळल्याने मी लग्नाचे जेवण सोडून तिकडे गेले. वीस मिनिटे पाण्याखाली होते. वर आले तेव्हा यापुढे हेच करायचे हे नक्की झाले होते. नंतर रीतसर शिकून सन २००४ पासून मी एका ठेकेदाराकडे पाणबुड्याचे काम करते. धरणांचे दरवाजे तपासणे, पंपघरांच्या जाळ्यांतील गाळ व जलपर्णी काढणे अशी कामे असतात. एकलहरे येथील वीज केंद्रातही काम केले आहे. मी अंगाने बारीक असल्याने जिथे पुरुष अडकतात तिथे मला पाठवतात. आपल्याकडच्या पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, सगळे चाचपून करावे लागते, आणि त्यातच खरी मजा आहे. सुट्टीच्या दिवशी मी हौसेने लोकांच्या विहिरीत उतरते. हे सर्व लिहिण्याची गरज नाही असे ठाणे अंमलदार म्हणाले. मी म्हटले, धंदा विचारलात म्हणून सांगितला.

या प्रकरणातील मयूर सोमा भोये, वय २२, रा. सुरगाणा तालुका, यास मी लहानपणापासून ओळखते. त्याची आत्या भागीबाई दरवर्षी आमच्या मळ्यात कामाला येते. मयूरचे आईवडील लहानपणीच गेल्याने त्याला तिनेच वाढवले. तो ज्ञानेश वाळके यांच्या जीपवर ड्रायव्हर आहे.

शनिवार ११ मार्च रोजी होळीसाठी मयूर तिला गावी नेण्यास आला. जीपमध्ये ती, तिचे गाठोडे आणि मागे भाजीचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅरेट होते. दुपारी चारच्या सुमारास चहासाठी ते धरणाच्या बांधावर थांबले. जीपचा स्टार्टर चालत नसल्याने ती नेहमी उतारावर, गिअर काढून आणि चाकाला दगड लावून उभी करावी लागते. पुन्हा निघताना दगड काढला की ती आपोआप गती घेते आणि मग चालू होते. त्या भागातले सगळे ड्रायव्हर असेच करतात. वारा असल्याने भागीबाईने बांधाच्या पलीकडे, पाणी दिसत नाही अशा आडोशाला चूल मांडली. मयूर झाडीकडे गेला होता. भागीबाईला पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला, पण तिला वाटले म्हैस उतरली. चहा झाल्यावर दोघे वर आले तर जीप नव्हती आणि पाणी शांत होते. नंतर गुरे पाण्यावर आली, त्यामुळे चाकांच्या खुणाही राहिल्या नाहीत.

जीपमालक ज्ञानेश वाळके यांनी तक्रार दिली की, हँडब्रेकची केबल मागच्याच महिन्यात नवी टाकली आहे, जीप आपोआप जाऊ शकत नाही, मयूरने ती गुजरातच्या हद्दीत नेऊन विकली आणि आत्या त्याला सामील आहे. सोमवारी गावातील पोहणाऱ्यांनी बुड्या मारून आणि गळ टाकून उताराखालचे पाणी शोधले. काही मिळाले नाही. त्याच दिवशी मयूरला ठाण्यात आणले.

मंगळवारी वडिलांचा मला फोन आला. ते म्हणाले, "भागी दोन दिस झाले जेवली नाय. तू एवढी पाण्यात उतरती, तर इथं का नाय उतरत?" माझ्या या कामाबद्दल वडील पाच वर्षांत चांगले बोललेले नाहीत. मग ते म्हणाले, "आणि त्या उतारापाशी हुडकू नको. शनिवारी आपली पाण्याची पाळी व्हती. पाट भरून चालला व्हता."

वडिलांनी सगळा उलगडा एका वाक्यात केला होता. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणे, सुरू असेल तर धरणातले पाणी कालव्याच्या दरवाजाकडे ओढते. आवर्तन रविवारी बंद झाले. सोमवारी शोधणाऱ्यांनी शांत पाणी पाहून सरळ खाली शोधले. पण जीपच्या काचा धुळीमुळे बंद होत्या आणि मागे रिकामे कॅरेट होते. अशी गाडी लगेच बुडत नाही, थोडा वेळ तरंगते. शनिवारी ती तरंगत दरवाजाकडे गेली असणार. उतार ते दरवाजा अंतर दीडशे फूट आहे.

बुधवार १५ मार्च रोजी, धुळवडीची सुट्टी असल्याने, मी आणि माझा सहकारी भारत सामान घेऊन निघालो. एस. टी.च्या वाहकाने टाकी गॅसची समजून आम्हाला उतरवले, म्हणून कोथिंबिरीच्या पिकअपमधून आलो. ठाण्यात कळवून, दोन पोलीस शिपायांसमोर सकाळी ११ वाजता मी दरवाजाजवळ पाण्यात उतरले. बांधावर रंग लागलेले निम्मे गाव जमले होते. भारत काठावर माझी दोरी धरून होता. आमची पद्धत अशी की, दोरीला एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी आणखी सैल सोड, चार म्हणजे मला ताबडतोब वर ओढ.

खोली अंदाजे अठ्ठावीस फूट होती. दहा फुटांखाली अंधार होता. मी तळाच्या गाळावर हात फिरवत, दोरीच्या टोकाला अर्धे गोल करत सरकत होते. आधी एक बाभळीचे खोड लागले, मग एक जुने टायर. तिसऱ्या फेरीत बोटांना गार, गुळगुळीत पत्रा लागला. मी हात वर नेला, काच. आणखी वर, टप. पाण्याखाली ओरडता येत नाही, तरी मी ओरडले, आणि तोंडातली हवेची नळी सुटता सुटता राहिली. आनंदाच्या भरात दोरीला किती हिसके दिले ते मी मोजले नाही. भारतने मोजले. त्याने आणि गावातल्या सहा जणांनी मला सरळ वर ओढून काढले. वर आल्यावर भारत घाबरून विचारत होता, "काय झालं? हवा संपली का?" मी म्हटले, "जीप आहे, मूर्खा, सोड मला!" आणि पुन्हा खाली गेले. बांधावर काय आरडाओरडा झाला तो मला नंतर कळला. वडिलांनी फेटा हवेत उडवला म्हणतात. हा भाग ऐकीव आहे.

दुसऱ्या वेळी मी सावकाश तपासले. नंबरप्लेटवरील आकडे बोटांनी वाचले, ते तक्रारीतल्या नंबरशी जुळतात. ड्रायव्हरच्या बाजूची काच आपटून फुटलेली होती, तिच्यातून हात आत घालून पाहिले असता गिअर न्यूट्रलमध्ये होता आणि हँडब्रेकचा दांडा पूर्ण वर ओढलेला होता. तो खालीवर करून पाहिला तर अगदी सैल होता, त्याला कसलाही ताण नव्हता. म्हणून मी जीपच्या खाली सरकले. हँडब्रेकची केबल तेथे नव्हती. तिच्या जागी गंजलेले टोक होते आणि ते तारेने बांधून ठेवलेले होते. ती तारही गंजून माझ्या हातात तुटली. आज सकाळी ट्रॅक्टर व तारदोर लावून जीप काठावर काढली, तेव्हा पंचांनी हीच स्थिती पाहिली व पंचनाम्यात लिहिली आहे. 

यावरून माझे म्हणणे आहे की, मयूरने ब्रेक ओढला होता. ब्रेकला केबल असती तर चाकाखाली दगड असो वा नसो, जीप हलली नसती.

दगडाबाबत विचारल्यावरून सांगते की, काल जीप सापडल्यावर सगळे नाचत होते, भागीबाई एकटी खाली बसून राहिली. मी ओल्या कपड्यांनीच तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "दगुड म्याच काढला, छाया. चुलीला दोनच व्हते. तिसरा हुडकला, मिळाला नाय. चाकाखालचा घेतला, तवा लगीच हलली नाय. म्हनलं गाडी उभीच हाय, ब्रेक हाय तिला." तिने हे चार दिवस कोणालाच सांगितले नव्हते, मयूरलाही नाही. मयूर मात्र आपणच दगड लावायला विसरलो असे चार दिवस सांगत आहे.

मी तिला केबलबद्दल समजावले. वडिलांनी समजावले. तिचे एकच म्हणणे, "तुमी मला जीव लावता म्हनून तसं बोलता." ती आज सकाळी सहा वाजता आमच्या घरातली गोधडी आणि दोन दिवस पुरतील एवढ्या नागलीच्या भाकरी घेऊन पायी निघाली आणि तेव्हापासून या ठाण्याच्या पायरीवर बसली आहे. आत येताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "साहेबाला सांग, पोराला घरी धाडा. त्याच्या जागी मी बसती. म्हातारीला काय, कुठंबी झोप लागती." हे सांगताना मला रडू आल्याने जबाब पाच मिनिटे थांबवला होता.

माझी कोणाविरुद्ध वैयक्तिक तक्रार नाही. मयूरला आज सोडणार असल्याचे अंमलदारांनी मला सांगितले आहे. भागीबाईवर कोणताही गुन्हा नाही हेही त्यांनी सांगितले आहे, परंतु कागदावर लिहिलेले ऐकल्याशिवाय ती पायरीवरून उठणार नाही.

वरील जबाब मला वाचून दाखवताना दार उघडे ठेवून, बाहेर पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, अशी विनंती मी केली. अंमलदारांनी तसा वाचला, आणि केबलचा भाग माझ्या सांगण्यावरून दोनदा वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. बाहेर ऐकणाऱ्या व्यक्तीने दुसऱ्या वाचनानंतर, "आता भाकर कुनी खानार का?" असे विचारले.

सही
छाया सावळीराम तिडके