दाढेसाठी एवढा प्रवास

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी इथलीच. थोरली मोठ्या शहरातून आलेली, सुजलेल्या गालावर हात धरून.

“ताई, तुमच्याकडे दिवसभर पाणी, दाराशी बस, गल्लोगल्ली दवाखाने. आणि दाढ काढायला तू इथवर आलीस?”

“तिकडचे डॉक्टर नुसती दाढ बघतात गं. इथले आधी विचारतात, गुडघा कसा आहे.”

“आणि मग तासभर ताटकळत ठेवतात! आमच्याकडे सगळंच रमतगमत. सकाळी वीज गेलीय, अजून पत्ता नाही.”

“जाऊ दे. इथे वाटेत कुणी भेटलं तर थांबून बोलतं तरी.”

“बोलतं? सात पिढ्यांची चौकशी करतं!”

“करू दे की. तुझे भावोजी गेल्यापासून मला ‘जेवलीस का’ म्हणूनही कुणी विचारलेलं नाही.”

धाकटीने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“ताई, खरं सांग. दाढच दुखतेय ना?”

“दुखतेय. पण ती तिकडेही निघाली असती. तुझी माडीवरची खोली... भाड्याने दिलीस का गं?”

“अगं बाई! रंग देऊन तयार ठेवलीय तुझ्यासाठी. तू तोंड कधी उघडतेस, याचीच वाट बघत होते!”