उजवी बाही

पावणेपाचला, रुझा मावशी. शनिवारी दुपारी बरोबर पावणेपाचला सुरू झालं हे सगळं, आणि तुम्ही मला विचारताय बाळ कुठाय. बाळ इथंय — हे बघा, पोटात. अजून महिना आहे. या, आत या, पण आधी ते दार लावा, खिडकी उघडी आहे, वारा आरपार लागतो. गिबानित्सा ठेवा तिथं, बाकीच्या चार ताटांशेजारी. गरम आहे अजून, चीज कसं वितळलंय बघा. सकाळपासून तुम्ही पाचव्या. बाकीच्यांकडून दारातच ताटं घेतली, बाळ झोपलंय म्हटलं — हो, खोटं बोलले, काय करू — पण तुम्ही ओग्न्येनची आई, आमच्या कूमची आई. लग्नात जो पाठीशी उभा राहिला, माझ्या लेकीचं, दुन्याचं, नाव ज्यानं ठेवलं, त्याच्या आईला दारातून कसं परत पाठवू?

झालं असं — मॅच संपली पावणेपाचला. हरलो, तीन शून्य, म्हणजे आता खालच्या लीगमध्ये. मग आमचा व्लास्ता चौकातून चालत निघाला, आणि अंगातला सदरा खांद्यापासून फाटलेला, डावी बाही नुसती लोंबतेय — कुंपणाला अडकला हो, मैदानाच्या त्या तारेला. आता मूल झालं की मित्रांनी बापाचा सदरा फाडायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खानावळीच्या दारात तो द्रागोये न्हावी बसलेला, त्यानं हाक मारली, मुलगा की मुलगी? आणि ह्या माणसानं काय म्हणावं? मुलगा म्हणाला. मग काय — राकियाची बाटली आली, बाजा आला, ज्यांनी तासापूर्वी कोचला आईवरून शिव्या घातल्या त्यांनीच खांद्यावर घेतला. घरी आल्यावर विचारलं मी, का रे असं बोललास? खाली बघत म्हणतो कसा, "दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडं बघून हसलं गं."

मी नाही भांडले. दमलेय मी. पण ही टोपडी बघा, हे पायमोजे बघा — सगळे आणून टाकतायत, आणि मी हात लावत नाही. जन्माआधी घरात काही आणू नये म्हणतात, मी मागच्या वेळी ऐकलं नाही, सातव्यातच पाळणा आणला, आणि — तुम्हीच तर तो परत नेलात, तुम्हाला काय सांगू. तेव्हापासून रोज मोजते, किती वेळा हललं. आज सकाळपासून गप्प होतं. मघाशी तुम्ही दार वाजवलंत तेव्हा एकदा हललं.

सोळा वर्षं बॉलच्या मागं फिरला हा. मोरावाकाठचं खेडं, सतराव्या वर्षी बेलग्रेड, मग ग्रीस, मग सायप्रस — तिथं मी आले बरोबर — मग कुठं त्या रशियापलीकडं, बाहेर बर्फ म्हणून छताखाली सतरंजीसारख्या खोट्या गवतावर खेळायचे. माझी एक बॅग तर मी कधी उघडलीच नाही. तिथंच गुडघा गेला. गेला कसला, घालवला. कोच म्हणाला दुखणं मारायची एक सुई घे आणि उतर, हा उतरला. अजून जिना चढताना कठडा धरतो. आणि मग इथं येऊन स्वतःच कोच. जिंकलं की पोरं जिंकली, हरलं की कोच हरला, असली ती नोकरी.

आता सगळं गाव म्हणतंय, स्वतःच्याच कूमला बाकावर बसवलं, नव्या गोलकीपरनं तीन गोल खाल्ले, व्लास्ताची बरी खोड मोडली. बोलू दे. तसल्या खांद्यानं ओग्न्येननं सहा खाल्ले असते. कुठला खांदा म्हणजे? उजवा — मावशी, तुम्हाला खरंच — अरे देवा. बसा. बसा तुम्ही. तोंड सुटलंय आज माझं.

निखळतो तो. दोनदा निखळलाय हिवाळ्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा निखळला तर हात वर जाणार नाही. ओग्न्येननं व्लास्ताला शपथ घातली, आईला सांगू नको, कुणाला नको, फक्त शेवटची मॅच खेळू दे. व्लास्तानं शपथ पाळली आणि खेळू दिलं नाही. "मला सुई टोचून उतरवलं, तसला कोच मी होणार नाही," एवढंच म्हणाला घरात. बाहेर कारण सांगितलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर ओग्न्येननं त्याची गळपट्टी धरून ओढली तरी नाही सांगितलं.

सदऱ्याला तार नव्हती लागली, मावशी. तार कुठली.

रडू नका. मी नाही रागावले, आणि तोही नाही, तो आत भिंतीकडं तोंड करून पडलाय नुसता. आता जा तुम्ही, मला जरा आडवं होऊ दे. ती गिबानित्सा उचला, तुमच्या लेकाला चारा, कालपासून जेवला नसेल तो. गल्लीत सांगा सगळ्यांना, बाळ अजून झालेलं नाही, ताटं आणू नका. आणि त्याला सांगा, सदरा मी शिवला नाही, धुऊन ठेवलाय. उजवी बाही शाबूत आहे. ती महिन्यानं त्यानंच येऊन फाडायची. डाव्या हातानं म्हणावं, खांदा सांभाळून.